वाचकांचे प्रश्न : टर्नटेबल फिरतं, पण नेमकं थांबत नाही

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये मॉडेल रेल्वेच्या टर्नटेबलचे, म्हणजे इंजिन गोल फिरवून हव्या मार्गाला लावणाऱ्या यंत्राचे, प्रश्न इतके आहेत की सगळे एकत्रच घेतले आहेत. उत्तरांमध्ये ‘पूल’ म्हणजे इंजिनाला घेऊन फिरणारा भाग, ‘खड्डा’ म्हणजे तो ज्यात फिरतो ती गोल जागा आणि ‘रिंग रूळ’ म्हणजे खड्ड्याच्या तळाशी काठालगत बसवलेला एकेरी गोल रूळ. काठावर येऊन थांबणाऱ्या सगळ्या मार्गांना ‘फाटे’ म्हटलं आहे, मग ते शेडमधले असोत की बाहेरच्या लाईनकडचे. सगळ्यांनाच एक विनंती : प्रोग्राममधला एकही आकडा बदलण्याआधी मोटर पुलापासून सोडवा आणि पूल बोटानं एक पूर्ण फेरी फिरवून बघा. सॉफ्टवेअरच्या म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी तिथेच उलगडतात.

प्रश्न : एचओ स्केल (१:८७ मापाची मॉडेल रेल्वे), पूल ३०० मिमी लांब, २४ फाट्यांची जागा. २८बीवायजे-४८ स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे ‘स्टेप’नी फिरणारी) थेट पुलाच्या आसाला जोडली आहे. मोटर चालवायला यूएलएन २००३ बोर्ड आणि प्रोग्रामसाठी आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर आहे. सुरुवातीला रूळ बरोबर जुळतात, पण दर फेरीला पूल थोडा थोडा पुढे जाऊन थांबतो. मोटर स्टेप चुकवते आहे का?

उत्तर : स्टेप चुकवणारी मोटर मागे पडते, आणि तीही कधी कमी, कधी जास्त. तुमचा पूल पुढे जातो आणि दर फेरीला सारखाच जातो. म्हणजे मोटर सांगितलेलं काम चोख करते आहे, तिला सांगितलेला आकडा चुकीचा आहे.

या मोटरमधल्या रोटरच्या एका फेरीला ३२ पूर्ण स्टेप लागतात. पुढच्या गिअरबॉक्सचं प्रमाण ६४:१ असं छापलेलं असतं, त्यावरून ३२ × ६४ = २०४८ हा आकडा सगळे वापरतात. पण आतल्या गिअरचे दाते मोजून गुणाकार केला तर प्रमाण ६३.६८४ येतं. म्हणजे बाहेरच्या आसाची एक फेरी २०३७.९ स्टेपमध्येच पुरी होते. तुम्ही २०४८ दिल्या की १०.१ स्टेप जास्तीच्या होतात, म्हणजे १.७९ अंश. पुलाच्या टोकाशी, १५० मिमी त्रिज्येवर, तो फरक ४.७ मिमी भरतो.

तरीही आमचा आकडा डोळे झाकून घेऊ नका, स्वतःची मोटर मोजा. पूल एका फाट्याला जुळवा, खड्ड्याच्या भिंतीवर पेन्सिलीची बारीक खूण करा आणि एकाच दिशेनं २०४८० स्टेप द्या. प्रमाण ६३.६८४ असेल तर दहा फेऱ्या होऊन पूल साधारण १८ अंश पुढे थांबेल. पूल खुणेवरच थांबला तर तुमच्या मोटरीचं प्रमाण खरोखरच ६४ आहे आणि चूक दुसरीकडे शोधायची.

दुसरी चूक बहुतेक प्रोग्राममध्येही असेल. २०३७.९ ला २४ नं भागलं की ८४.९ येतात. ‘पुढच्या फाट्यासाठी ८५ स्टेप’ असं लिहिलं तर २४ फाट्यांना २०४० स्टेप होतात आणि दर फेरीला जवळजवळ १ मिमी फरक साचत राहतो. म्हणून एका फाट्यावरून दुसऱ्याकडे जाताना स्टेपची बेरीज कधीच करू नये. शून्य स्थानापासून, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते तिथून, प्रत्येक फाट्याचं अंतर वेगळं मोजून तक्त्यात लिहावं, आणि पूल शून्याच्या सेन्सरवरून गेला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करावी. हा तक्ता गणितानं भरून भागत नाही. २४ फाटे अगदी १५-१५ अंशांवर बसवणं हातानं केलेल्या कामात होत नाही, म्हणून प्रत्येक फाटा डोळ्यानं जुळवून त्याचा आकडा लिहायचा. एक संध्याकाळ जाते, पण नंतर वर्षानुवर्षं त्रास नाही.

पूर्ण स्टेपवर तुमच्या पुलाचं टोक एका स्टेपला ०.४६ मिमी सरकतं. हे एचओसाठी भरड आहे. हाफ-स्टेपवर, म्हणजे अर्ध्या स्टेपच्या टप्प्यांनी, चालवा, म्हणजे तेच ०.२३ मिमी होईल आणि जास्तीत जास्त चूक त्याच्या निम्मी राहील. रुळांच्या टोकांत पाव मिलिमीटरपर्यंतचा फरक चाकांना जाणवत नाही; अर्ध्या मिलिमीटरला पुढची लहान चाकं रूळ सोडायला लागतात.

आता गिअरमधला प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळी फट. या मोटरच्या गिअरबॉक्समध्ये तो भरपूर असतो. मोटर चालू स्थितीत थांबलेली असताना पुलाचं टोक बोटानं हलकेच इकडेतिकडे ढकलून बघा. १ अंश प्ले म्हणजे तुमच्या टोकाशी २.६ मिमी. इलाज असा की प्रत्येक फाट्याकडे नेहमी एकाच दिशेनं पोचायचं. घड्याळाच्या दिशेनं थांबायचं ठरवलं असेल, तर उलट दिशेनं येताना फाटा ओलांडून ४० हाफ-स्टेप, म्हणजे साधारण साडेतीन अंश, पुढे जायचं आणि मग परत यायचं. ओलांडण्याचं अंतर मोजलेल्या प्लेपेक्षा जास्त असलं पाहिजे, एवढंच पथ्य. फाट्यांचा तक्ता भरतानाही त्याच दिशेनं यायचं, नाहीतर सगळे आकडे फुकट जातात. आणि पूल लोण्यासारखा सहज फिरत असेल तर आसावर फेल्टचा पातळ वायसर घाला. थोडा घर्षणाचा भार असला की पूल प्लेमध्ये तरंगत नाही, दात्याला टेकून राहतो.

जाता जाता वीजपुरवठाही तपासा. या मोटरच्या एका कॉइलचा रोध साधारण ५० ओहम असतो. ५ व्होल्टवर दोन कॉइल मिळून २०० मिलिअँपिअर होतात. हा प्रवाह नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनमधून घेऊ नका. व्होल्टेज खाली गेलं की नॅनो रीसेट होतो आणि पूल कुठे आहे हे विसरतो. मोटरला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा वेगळा पुरवठा द्या आणि दोन्हींच्या ग्राउंड तारा एकत्र जोडा.

प्रश्न : डीसीसीवर (रुळांतूनच वीज आणि डिजिटल आज्ञा पाठवणारी पद्धत) चालणारा लेआउट आहे. शेडमधून पुलावर आलेलं इंजिन बाहेरच्या लाईनवर जाताना पहिलं चाक ओलांडताच बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा भाग) ट्रिप होतो. पुलाचं दुसरं टोक त्या लाईनला लावलं तर मात्र काहीच होत नाही. पुलाच्या वायरिंगमध्ये शॉर्ट आहे का?

उत्तर : वायरिंगमध्ये शॉर्ट असता तर पूल कुठल्याही टोकानं लावला तरी ट्रिप झाला असता. तुमच्याकडे होतंय ते प्रत्येक टर्नटेबलमध्ये होणारच, त्याची सोय करावी लागते. पूल १८० अंश फिरला की त्याचा डावा रूळ उजवा होतो. पुलाला अखंड स्लिप रिंगमधून (फिरत्या भागाला वीज पोचवणारी धातूची कडी) वीज मिळते, त्यामुळे रूळ फिरले तरी त्यांच्या तारा त्याच राहतात. पुढे फाट्याच्या लाल तारेच्या रुळासमोर पुलाचा काळ्या तारेचा रूळ येतो आणि चाकानं दोन्हींना जोडलं की शॉर्ट.

यावर उपाय तीन. सर्वांत साधा म्हणजे दुभंगलेली रिंग : एकच पितळी रिंग समोरासमोर दोन ठिकाणी कापून तिचे दोन अर्धे करायचे, एका अर्ध्याला लाल तार, दुसऱ्याला काळी. पुलाखालचे दोन ब्रश (रिंगला टेकून वीज घेणारे संपर्क) समोरासमोर असतात, त्यामुळे अर्ध्या फेरीनंतर पुलाच्या रुळांची अदलाबदल आपोआप होते. इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली, कापाची रुंदी. ब्रशचं टेकणारं टोक ३ मिमी असेल तर काप ४ ते ५ मिमी हवा. कमी असला तर ब्रश दोन्ही अर्ध्यांना एकदम टेकतो आणि पूल फिरतानाच बूस्टर ट्रिप होतो. दुसरी, फाट्यांच्या तारा. खड्ड्यावरून एक सरळ रेषा काढा. ती अशी हवी की तिच्यावर एकही फाटा येणार नाही, आणि पूल त्या रेषेवर असतानाच ब्रश कापांवर असले पाहिजेत. मग रेषेच्या एका बाजूच्या सगळ्या फाट्यांना खड्ड्याच्या मध्याकडे पाठ करून पाहिल्यावर उजवा रूळ लाल ठेवा, दुसऱ्या बाजूच्या सगळ्यांना उजवा रूळ काळा. सगळ्या फाट्यांना एकाच पद्धतीनं तारा जोडल्या की अर्धे फाटे चालतात आणि अर्धे ट्रिप होतात.

दुसरा उपाय रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच. मोटरचा कंट्रोलर पूल कुठे आहे हे जाणतोच, तेव्हा तोच ठरलेल्या कोनानंतर दोन पोलचा, दोन बाजूंचा रिले फिरवतो. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका, नाहीतर बंद होतानाचा झटका कंट्रोलरला रीसेट करतो.

तिसरा उपाय ऑटो-रिव्हर्सर. तो शॉर्ट ओळखून रुळांची अदलाबदल करतो. सोपा आहे, पण त्याची ट्रिप मर्यादा बूस्टरपेक्षा खाली असलीच पाहिजे. बूस्टर ५ अँपिअरचा असेल तर रिव्हर्सर ३ अँपिअरच्या आसपास ठेवा. दोन्ही सारख्याच मर्यादेवर असले तर कधी हा आधी पडतो, कधी तो, आणि दोष सापडत नाही. लावून झाल्यावर पूल एका फाट्याला जुळवा आणि पुलाच्या दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवा. हा अदलाबदलीनं न सुटणारा खरा शॉर्ट आहे, त्यामुळे बूस्टरनं वीज तोडली पाहिजे, किंवा रिव्हर्सरला स्वतःचा ब्रेकर असेल तर त्यानं. कोणीच तोडली नाही तर पुलापर्यंतच्या तारा बारीक आहेत किंवा स्लिप रिंगचा रोध जास्त आहे. तसं राहू दिलं तर एक दिवस इंजिनाच्या पिकअपची तार जळेल.

पुलाइतकंच लांब इंजिन असेल तर आणखी एक अडचण येते. त्याची चाकं एकाच वेळी दोन्ही टोकांच्या फाट्यांना जोडतात, आणि त्या दोन फाट्यांच्या तारा परस्परविरुद्ध असतील तर रिव्हर्सर नुसता खडखडत राहतो. कुठलाही रिव्हर्सर हे सोडवू शकत नाही. फाट्यांच्या ताराच वर सांगितल्याप्रमाणे रेषेनुसार विभागाव्या लागतात.

प्रश्न : पूल दोन ठिकाणी अडकतो. मोटर घरघरते, मग झटक्यानं पुढे जाते. जास्त ताकदीची मोटर बसवावी का?

उत्तर : नको. ताकदवान मोटर दोष लपवते आणि दाते खाते.

अडकण्याच्या दोन्ही जागा खड्ड्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. मोटर सोडवून पूल हातानं फिरवा. हाताला तिथेच अडथळा लागला तर दोष खड्ड्यात, रिंग रुळात किंवा आसात आहे. हातानं सुरळीत फिरला तर तो गिअरमध्ये आहे. खात्रीसाठी, आसावरच्या मोठ्या गिअरचा ग्रब स्क्रू (गिअर आसावर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) सैल करून गिअर आसाभोवती ९० अंश फिरवा आणि पुन्हा घट्ट करा. अडकण्याची जागाही ९० अंश सरकली तर गिअर वाकडा आहे किंवा त्याचं भोक मध्यावर नाही. जागा तीच राहिली तर खड्ड्याकडे वळा.

खड्ड्यात सर्वांत जास्त गोंधळ वजनाचा असतो. पुलाचं वजन मधल्या आसावरच्या बेअरिंगनं पेलायचं, टोकाच्या चाकांनी नाही. ती चाकं रिंग रुळाच्या किंचित वर असावीत, ०.१ ते ०.२ मिमी. साध्या छपाईच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते. एक पट्टी चाकाखाली सरकवा आणि घड्याळाच्या बाराही आकड्यांवर ती ओढून बघा. सगळीकडे सहज निघाली पाहिजे. जिथे पकडली जाते तिथे रिंग रूळ वर आला आहे. खिळा किंवा गोंद सोडवून तो खाली बसवा. रूळ कानशीनं घासून कमी करू नका, पुढे तिथेच चाक आपटतं. दोन्ही टोकं आळीपाळीनं तपासा, कारण पूल स्वतःच पिळलेला असेल तर एक टोक सगळीकडे सुटतं आणि दुसरं सगळीकडे अडतं.

टोकाच्या चाकांचा अक्ष बरोबर खड्ड्याच्या मध्याकडे रोखलेला हवा. तो दोन-तीन अंश जरी वाकडा असला तरी चाक रिंग रुळावरून सरळ गोल जात नाही, बाजूला खेचत राहतं आणि रुळाच्या जोडावर चढतं. ‘जोडावरच अडकतो’ असं लिहिणाऱ्यांनी जोड घासत बसण्याआधी हे बघावं.

खड्डा गोल आहे की नाही, आणि आस त्याच्या मध्यावर आहे की नाही, हे पुलाच्या एका टोकाला तारेचा काटा लावून कळतं. काटा आणि भिंत यांच्यामधलं अंतर आठ ठिकाणी फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. पुलाचे रूळ आणि फाट्याचे रूळ यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर फट चांगली. आठ मापांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक असेल आणि मोठं माप लहानाच्या बरोबर समोर येत असेल, तर आस सरकलेला आहे. फरक चार ठिकाणी आळीपाळीनं येत असेल तर खड्डाच अंडाकृती झाला आहे. बेसचं प्लायवूड दमट हवेत फुगलं की असं होतं. पहिल्यात आसाचं बेअरिंग मोठ्या भोकांच्या पट्टीवर बसवून सरकवता येतं. दुसऱ्यात खड्डा बेसपासून सुटा करून चार स्क्रूंवर तरंगता बसवावा लागतो.

वंगण कमी वापरा. आसाच्या बेअरिंगमध्ये प्लास्टिकला चालणाऱ्या ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका पुरतो. रिंग रुळाला काहीही लावायचं नाही.

प्रश्न : इंजिन पुलावर जाताच आवाज तुटतो आणि दिवे लुकलुकतात. मीटरवर पुलाच्या रुळांत पूर्ण व्होल्टेज दिसतं.

उत्तर : मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, म्हणून मळलेला संपर्कही त्याला चांगलाच दिसतो. भार लावून मोजा. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. तो पुलाच्या रुळांना जोडा आणि बल्ब पेटलेला असताना आधी मुख्य वायरवर, मग पुलाच्या रुळांवर व्होल्टेज मोजा. डीसीसीची लाट साधं मीटर अचूक मोजत नाही, पण एकाच मीटरनं घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक कामाचा असतो. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वाटेत कुठेतरी रोध आहे. मग बल्ब तसाच ठेवून पूल हळूहळू फिरवा. ज्या कोनावर बल्ब मंद होतो, स्लिप रिंगवरची तीच जागा खराब. बल्ब भाजण्याइतका तापतो, प्लास्टिकवर ठेवू नका.

रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, बिनतंतूच्या कापडानं पुसा. खरखरीत पॉलिश पेपर मारू नका, त्याच्या चरांमध्ये काळी भुकटी साचते आणि महिन्याभरात तक्रार परत येते. प्रत्येक रिंगवर दोन ब्रश ठेवावेत, ०.३ ते ०.४ मिमी फॉस्फर ब्रॉन्झ तारेचे, आणि दोन्हींचा ताण थोडा वेगळा. एक उडाला तरी दुसरा टेकलेला राहतो. ज्यांनी आसाच्या जागी ३.५ मिमीचा ऑडिओ जॅक वापरला आहे त्यांनी पूल उचलण्याआधी वीज बंद करावी : जॅक आतबाहेर होताना आतल्या पट्ट्या आळीपाळीनं एकमेकींना जोडल्या जातात. ज्या टर्नटेबलांत रिंग रुळातूनच वीज घेतली जाते तिथे चाकं आणि रिंग रूळ दोन्ही पुसणं आलंच.

डीकोडरला (इंजिनातला डीसीसीच्या आज्ञा वाचणारा भाग) कीप-अलाइव्ह कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर तुटली तरी पुरवत राहणारा साठा, लावला की लुकलुकणं थांबतं, हे खरं. पण आधी संपर्क दुरुस्त करा, कपॅसिटर नंतर. नाहीतर रिंग किती खराब झाली आहे हे कळणारच नाही.

प्रश्न : ४५० मिमीचा पूल, नेमा १७ स्टेपर मोटर, २० आणि १२० दात्यांच्या पुलींवर बेल्ट, ए४९८८ ड्रायव्हर (मोटर चालवणारा बोर्ड), १/१६ मायक्रोस्टेप (एका पूर्ण स्टेपचे १६ भाग). हिशेबानं टोकाशी ०.०७ मिमी अचूकता यायला हवी, पण पूल अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे थांबतो. मोटर तापते म्हणून थांबल्यावर वीज बंद करतो.

उत्तर : तुमचा हिशेब बरोबर आहे : २०० × १६ × ६ = १९२०० भाग, आणि १४१४ मिमी परिघ. पण मायक्रोस्टेप म्हणजे कोनाची हमी नव्हे. १/१६ च्या एका मायक्रोस्टेपला मोटर आपल्या धरून ठेवण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याइतकाच जोर नव्यानं लावते. पुलाचं घर्षण त्याहून जास्त असेल तर दोन-तीन मायक्रोस्टेप जाईपर्यंत पूल जागचा हलत नाही, मग एकदम सरकतो.

वीज बंद करता तेव्हा तर नुकसान नक्कीच होतं. प्रवाह गेला की रोटर जवळच्या पूर्ण स्टेपवर उडी मारतो, म्हणजे ०.९ अंशापर्यंत. बेल्टनं तो सहाव्या हिश्श्यावर आणला तरी २२५ मिमी त्रिज्येवर ०.५९ मिमी राहतात. तुमचा अर्धा मिलिमीटर हाच.

आमचं स्पष्ट मत असं की एवढ्या पुलाला बेल्ट पुरेसा नाही, वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्यानं फिरणारं दात्यांचं चाक) घ्या. ६०:१ च्या वर्मवर एका फेरीला १२००० पूर्ण स्टेप होतात, टोकाशी ०.१२ मिमी. मग अचूकतेसाठी मायक्रोस्टेपची गरज उरत नाही, आवाज कमी करण्यापुरते ठेवा आणि फाट्यांची स्थानं १६ च्या पटीत निवडा. मिनिटाला एक फेरी हवी असेल तर मोटर मिनिटाला ६० फेरे फिरेल, म्हणजे सेकंदाला २०० पूर्ण स्टेप; हे तिला सहज जमतं. त्याहून वेगानं फिरणारा पूल खोटा दिसतो. वर्म उलटा फिरत नाही, त्यामुळे थांबल्यावर वीज बंद केली तरी पूल जागेवर राहतो. प्ले मात्र वर्ममध्येही असतो, तेव्हा एकाच दिशेनं पोचण्याचा नियम इथेही पाळायचा.

तापण्याबद्दल : ए४९८८ वरचा छोटा स्क्रू फिरवून प्रवाहाची मर्यादा लावलेली आहे का ते बघा. संदर्भ व्होल्टेज म्हणजे प्रवाह × ८ × बोर्डवरच्या सेन्स रेझिस्टरचं मूल्य. रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल आणि ०.७ अँपिअर हवा असेल तर ०.५६ व्होल्ट लावा. रेझिस्टरवरचा छापील आकडा वाचूनच हिशेब करा, कारण ०.०५ आणि ०.०६८ ओहमचेही बोर्ड मिळतात. मोटरच्या पुरवठ्यावर बोर्डला चिकटून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, आणि वीज चालू असताना मोटरची पिन कधीही काढू नका, ड्रायव्हर तिथेच जातो. मोटरचा माउंट थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेला असेल तर तो साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतो. मोटर तिरकी होते, बेल्ट सैल पडतो आणि आपण दोष प्रोग्राममध्ये शोधत बसतो.

प्रश्न : शून्य स्थानासाठी ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) आणि पुलाखाली चुंबक आहे. कधी शून्य सापडतच नाही, कधी सापडतं पण थोडं सरकलेलं असतं.

उत्तर : सापडत नसेल तर तीन गोष्टी बघा. हा सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला ओळखतो. छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव यायला हवा, म्हणून चुंबक उलटा करून बघा. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते फक्त ग्राउंडकडे ओढतं, म्हणून ते पुरवठ्याला जोडणारा १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लागतो. आणि त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरवर सेन्सरला ५ व्होल्ट द्या, पण पुल-अप ३.३ व्होल्टलाच जोडा.

सरकलेलं शून्य हा दोष नव्हे. सेन्सर चालू होण्याची आणि बंद होण्याची जागा वेगळी असते, त्यामुळे डावीकडून येताना एक शून्य मिळतं आणि उजवीकडून दुसरं. चुंबकापासून दूर जा, मग नेहमी त्याच दिशेनं, सावकाश येऊन चालू होण्याची पहिली कडा पकडा. चुंबकाजवळ लोखंडी स्क्रू असतील तर पितळी घाला.

प्रश्न : उन्हाळ्यात पूल दोन-तीन फाट्यांच्या रुळांना घासतो, थंडीत फट मोठी होते.

उत्तर : निकेल सिल्व्हरचा १ मीटर रूळ २० अंश सेल्सिअसच्या फरकानं साधारण ०.३ मिमी वाढतो, आणि त्याला दुसरीकडे वाट नसेल तर तो खड्ड्याकडेच सरकतो. फाट्याचे रूळ काठापासून २० ते २५ मिमीच्या आत कॉपर-क्लॅड पट्टीवर सोल्डर करून, पट्टी बेसला स्क्रूनं पक्की करा, आणि मागे अर्ध्या मीटरवर जोडात १ मिमी मोकळी जागा सोडा. सोल्डर केल्यावर पट्टीवरचा तांब्याचा थर दोन रुळांच्या मधोमध कापायचा, नाहीतर शॉर्ट.

प्रश्न : लहान इंजिनं नीट जातात. लांब वाफेचं इंजिन पुलावर चढतानाच पुढची चाकं घसरतात, उतरताना कधीच नाही.

उत्तर : जड इंजिनाची पहिली चाकं पुलावर आली की ते टोक खाली दबतं. उतरताना चाकं दबलेल्या पुलावरून वरच्या फाट्यावर जात असली तरी तोवर वजन मध्याच्या दोन्ही बाजूंना वाटलं गेलेलं असतं, म्हणून फरक कमी. खऱ्या रेल्वेतही मध्यावर तोललेल्या जुन्या टर्नटेबलवर इंजिन नेमकं मध्यावर उभं करावं लागे, नाहीतर ते ढकलून फिरवणं अशक्य होई. मोठ्या इंजिनांना पूल लांबच हवा. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेनं बिग बॉय या अवाढव्य वाफेच्या इंजिनांसाठी १३५ फुटी टर्नटेबलं बांधली होती.

पुलाच्या टोकावर इंजिनाएवढं वजन ठेवा, रुळांच्या जोडावर पोलादी पट्टी उभी धरा आणि उंचीतला फरक फीलर गेजनं मोजा. ०.२ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर टोकाच्या चाकाखालची फट जास्त आहे किंवा आसाचं बेअरिंग डुलतं आहे. डुलणाऱ्या आसाला एकाच्या ऐवजी दोन बॉल बेअरिंग लावा, एक वर आणि एक किमान ३० मिमी खाली. त्यानंतरही घसरत असेल तर पुलाच्या टोकाशी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तपासा. एचओला १६.५ मिमी हवा, आणि टोकाचे रूळ सोल्डर करताना आत ओढले गेलेले बरेचदा दिसतात. शेवटी रुळांच्या टोकांना वरून आणि आतल्या बाजूनं बारीक कानशीनं १ मिमी लांबीत किंचित उतार द्या. हे काम सगळ्यात शेवटी करायचं, कारण घासलेला रूळ पुन्हा वाढवता येत नाही.